सुटे खिळे

मानिक चौक, झाशी
१० नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धार्थ यास राजाभाऊमामाचे अनेक आशीर्वाद.

खट्-धप्प, खट्-धप्प. आपल्या छापखान्याचं पायमशीन असं वाजायचं आणि त्या ठेक्यावर तुझी आई पाचवीच्या कविता म्हणायची. मशीन थांबलं की हीही ओळीच्या मधेच थांबायची. काल तो ठेका पुन्हा ऐकला. पाय मीच मारत होतो.

तुझी आई, आपली मृदुला, लग्न करते आहे. वर रत्नाकर, कारखान्यातून निवृत्त, विधुर. माणूस माझ्याहून बरा, चहा मात्र पाणचट करतो. लग्न आठ डिसेंबरला. पत्रिका मी छापतोय. निमंत्रक म्हणून तुझं नाव हवं.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
राजाभाऊमामा

पुणे, १६ नोव्हेंबर

ती. राजाभाऊमामांस सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद. आई बासष्ट वर्षांची आहे. बाबांमागे बारा वर्षं मानाने राहिली. आता देवाचं करावं, नातवंडांत रमावं. सोसायटीत मी काय सांगू? माझं नाव छापू नका. आमच्याकडून कोणीही येणार नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.
सिद्धार्थ

झाशी, २३ नोव्हेंबर

चि. सिद्धार्थ, आशीर्वाद कायम आहेत. राग दुपारपुरता होता.

तुम्ही लोक 'स्टिरिओटाइप' म्हणता ना? तो शब्द आमच्या धंद्यातला. जुळवलेल्या खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, कागदाचा ओला लगदा दाबायचा, साचा उठला की त्यात शिसं ओतायचं. झाला एकसंध पत्रा! हजार वेळा छापा, अक्षर हलायचं नाही. तुझ्या आजोबांनी लग्नपत्रिकेचा असा पत्रा करून घेतला होता, नावांपुरत्या खाचा ठेवून. इथल्या मराठी घरांची लग्नं त्याच्यावरच लागली. परवा काढला, तर वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' ओतलेलं, पुढे 'आमची कन्या'. तुझ्या आईला बसवू कुठे?

तुझ्या डोक्यातही आईचा तसाच पत्रा आहे: पांढरे केस, जपमाळ, नातवंडं. तो तू सांभाळ. माझा मी बड्या बाजारात भंगारात दिला. आता सुटे खिळे जुळवतोय: 'मी, मृदुला, रत्नाकर यांच्याशी लग्न करते आहे. या.' निमंत्रकाची ओळ रिकामीच छापणार. तुझ्या जागी दुसरं कुणी नको.

थांब, दाराची कडी वाजतेय.

अरे, रुपाली! तुझी बायको, एकटी, सासूसाठी गुलबक्षी साडी घेऊन. तुला माहेरी जाते सांगून निघाली म्हणे. खोटं नाही बोलले, म्हणते, आज हेच माहेर. रिकामी ओळ पाहून तिने पदर खोचला आणि खिळ्यांत आपलं नाव शोधायला बसली. शेजारी तुझ्यापुरती जागा सोडू का, असं मी विचारलं. म्हणाली, नको मामा, खिळे सुटे आहेत. आला तर सरकवू.