फोर्कची थरथर

४ जानेवारी २००४, रविवार
पिंकीला आणि मुलीला आणायला निघालो. सिंदेवाहीहून सासुरवाडी जेमतेम तासाभराची, पण मध्ये जंगल. जंगलनाक्यापुढच्या पहिल्याच रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, माझ्या क्रूझर मोटरसायकलचं मागचं सस्पेन्शन धाडकन खाली बसलं. त्या रपट्यावर वाघ पाणी प्यायला येतो म्हणतात, पण त्याचा इथे संबंध नाही. येताना मुलीला दणका बसला तर? परत फिरलो. आधी सस्पेन्शन, मग कुटुंब.

१८ जानेवारी
मागे कडक स्प्रिंगचे नवे शॉक टाकले. नाक्यापर्यंत गाडी फर्स्ट क्लास. नाक्यापुढे हँडल थरथरायला लागलं. म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क गेला. परतलो. सादिकभाई मेकॅनिक स्वतः जंगलात चक्कर मारून आला. म्हणाला, "भाऊ, हँडल तं काईच नाई हलत." तो वजनाने भारी. त्याच्याखाली हलेल कसं?

२ फेब्रुवारी
शाळेत पिंकीचा फोन. हेडमास्तरांसमोर घ्यावा लागला. मुलगी पालथी पडते म्हणे. जन्मली तेव्हा दवाखान्यात पाहिली, त्यानंतर नाही. "काऊन येत नाई जी?" मी फोर्क, ऑइल, डॅम्पिंग, सगळं समजावून सांगितलं. तर म्हणते, "भेव लागते तं तसं सांगा." टेक्निकल बोललं की असंच होतं.

१५ फेब्रुवारी
फोर्कमध्ये जाड ऑइल. थरथर तशीच. उलट आता नाक्याच्या आधीच सुरू होते. बिघाड वाढतोय. रपट्यावर बांबूतून कुणीतरी बघतंय असं वाटलं. मागे वळून पाहिलं नाही, कारण वाहन चालवताना मागे पाहू नये. छातीत धडधड. इंजिनची असावी. पण घरी जेवतानाही चालूच होती.

७ मार्च, दुपार
दोष सापडला! क्रूझर बुटकी आहे. माझी मान थेट वाघाच्या तोंडासमोर येते. गाडी उंच पाहिजे. मागे लांब शॉक, पुढे फोर्कही वर. सादिकभाईने विचारलं, "मंग पाय कुठी टेकसान?" मी म्हणालो, जंगलात पाय टेकायचाय कुणाला?
सीट खाली म्हणूनच ही गाडी घेतली होती, पण तेव्हा माझे विचार लहान होते.

२८ मार्च
काम झालं. वरून सगळं छान दिसतं. पाय लोंबकळतात. निघताना सादिकभाई धरतो, थांबताना पाय टेकायला पंचायतीचा ओटा आहे. पिंकीला शब्द दिला : येत्या रविवारी नक्की. एवढी भीती अजून कधी वाटली नव्हती. गाडी नवीन असली की वाटतेच.

४ एप्रिल
मोहफुलं वेचायचे दिवस. एकटं कुणी जात नाही. नाक्यावर पाच-सहा गाड्या जमल्या की सगळे एकत्र सुटतात. पुढच्याने हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, पाय टेकून उभं राहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. आज पुढे गावातला इतवारी होता. मला दोघांनी धरून सोडलं.
रपट्याच्या अलीकडे इतवारीने हात वर केला. सगळे थांबले. मी कसा थांबणार? ना ओटा, ना सादिकभाई. एकेकाला ओलांडत गेलो. शेवटी इतवारीलाही ओलांडलं. पुढे रस्त्यात वाघ बसलेला.
ब्रेक दाबला. पडलो. गाडी पायावर, वाघ समोर. आई आठवली, मग पिंकी. मुलीचा चेहरा आठवायला गेलो, आठवेना. वाघ उठला, माझ्याकडे पाहिलं आणि बांबूत निघून गेला.
लोकांनी उचललं. इतवारी म्हणाला, "मास्तर, तुमी तं त्याच्या अंगावरच गेले ना!" मागून कुणीतरी शूर म्हणालं. किंवा येडा. पुढचा रस्ता मोकळा होता, सगळे गेले. माझी अलाइनमेंट बिघडली असणार. एका दूधवाल्याच्या आधाराने परतलो.

११ एप्रिल, रविवार
सकाळी गॅरेजला निघणार तोच दारात लुना. पुढे मेव्हणा पत्रू, मागे पिंकी, तिच्या मांडीवर मुलगी, हँडलला पिशव्या. लुनाचं सस्पेन्शन नावालाच. वाटेत वाघ दिसला होता म्हणे. थांबले, तो गेला, निघाले. एवढंच सांगितलं पत्रूने, आणि पाणी मागितलं. मुलगीही जागीच होती. वाघाला पाहून हात हलवत होती.
मी तिला घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, हनुवटी थरथरली, आणि तिने अशी किंकाळी फोडली की शेजारचे बाहेर आले. पिंकीने तिला उचललं. म्हणाली, "भेली ते. तुमाले पायलंच कुठी तिनं?"
मी फोर्कबद्दल सांगायला लागलो. मग राहू दिलं.
आता दाराआड उभा राहून लिहितोय. इथून मी तिला दिसत नाही. हसते आहे.