भेटीच्या वेळचे ठोके

९ फेब्रुवारी, सोमवार

आजही आकडा चढला! मी आत गेले तेव्हा खाटेवरच्या मॉनिटरच्या पडद्यावर ठोके एकशे सोळा. तो खुर्चीत बसलेला. दाढी केलेली, केस विंचरलेले, ऑक्सिजनची नळी नाकातून काढून गळ्यात अडकवलेली. "लागत नाही आता," म्हणाला. कपाळावर घाम मात्र होता.

सिस्टर हसत म्हणाली, "दिवसभर नव्वदीत असतात हो साहेब. भेटीची वेळ झाली की सुटतात! बाई, लग्नाला इतकी वर्षं होऊनही तुम्हाला बघून धडधडतं म्हणजे कमाल आहे." शेजारच्या खाटेवरचे आजोबा खो खो हसले, मग खोकत बसले.

मीही हसले. काय सांगणार? आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय, हे? परगावच्या कॉलेजातली नोकरी मी त्यासाठीच धरली. खोली घेतली. पुस्तकांची खोकी पुढे गेली. आणि मी निघायच्या आदल्या दिवशी हा आपल्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाचा नंबर काढता काढता कोसळला. भांडण नव्हतं. भांडायलाही दोघांत काही शिल्लक असावं लागतं.

"तू कधी निघतेयस?" बसल्या बसल्या पहिला प्रश्न. रोज हाच.

१० फेब्रुवारी

सिस्टरला ते प्रेम वाटतं. मला माहीत आहे ते काय आहे. गेलं वर्षभर हा माणूस बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपतोय. आणखी किती स्पष्ट सांगायचं असतं कुणी? मी समोर आले की त्याला त्रास होतो. इतकंच, की आता तो त्रास पडद्यावर दिसतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरबाईंनी बाजूला बोलावून सगळं समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही, अशक्त झालंय. नीट उपसा होत नाही म्हणून पाणी छातीत आणि पायांत साठतं. ते औषधाने काढताहेत. "पण ठोके खाली येत नाहीत, ते मला आवडत नाहीये," म्हणाल्या. "दमलेलं हृदय पळतच राहिलं तर आणखी दमतं. घरी जाताना ज्यांचे ठोके असे चढे राहतात, त्यांच्यातले बरेच जण लवकरच परत येतात."

"आणि बाकीचे?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग सहज विचारावं तसं विचारलं, "सपाट झोपता येत नव्हतं, असं कधीपासून?"

मला कळेना. म्हणाल्या, "छातीत पाणी असलं की आडवं पडल्यावर गुदमरतं. माणूस उशा वाढवतो, नाहीतर खुर्चीत झोपायला लागतो. तसं काही?"

हो. तसं काही.

"घोरतो मी, तुझी झोप मोडते," म्हणून बाहेर गेला होता. संध्याकाळचं फिरणं सोडलं — कंटाळा येतो म्हणून. जिन्यात मधेच थांबायचा, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा — "तू हो पुढे, मी येतो." मी झाले पुढे. इतकी पुढे झाले की दुसऱ्या गावात खोली घेतली!

त्याला तरी ठाऊक होतं का? की त्यालाही वाटत होतं, आपल्याला बायको नकोशी झालीय?

१२ फेब्रुवारी

एकशे एकोणीस. पाच मिनिटांत उठले, काम आहे म्हटलं. दारातून वळून पाहिलं. उतरत होता.

कारण कळलं म्हणून काय झालं? मी गेले की उतरतो, हे खरंच आहे की.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शेजारचे आजोबा वऱ्हांड्यात भेटले, भिंतीला धरून चालायचा सराव करत होते.

"बाई, एक सांगू? रागावू नका. तुम्ही जरा कमी येत जा."

माझा चेहरा पडला असावा, कारण ते घाईघाईने बोलत सुटले. "अहो, तुमची वेळ होत आली की यांची तालीम सुरू होते! सिस्टर चहाला वळल्या रे वळल्या की हे पलंगावरून खाली. दाढी काय, केस काय. मग धापा टाकत खुर्ची गाठायची, नळी काढायची आणि मग असं हाताची घडी घालून बसायचं. मी विचारलं एकदा, काय राव, मुलगी बघायला येणार आहे का? तर म्हणाले, 'बायको यायचीय. मी पडलेला दिसलो तर ती जायची नाही. हातची नोकरी घालवेल.' तुम्ही गेल्यावर ओठ निळे पडतात हो त्यांचे. मला बघवत नाही."

मी त्यांना खाटेपर्यंत पोचवलं नाही. पोचवायला हवं होतं. तिथेच उभी राहिले.

म्हणजे राग नव्हता. मला पाठवायला धडपडत होता. माझी वाट मोकळी करायला रोज थोडा थोडा मरत होता — आणि मी समोर बसून आकडा बघत होते.

१५ फेब्रुवारी

नणंदेला सगळं सांगितलं. ती धाकटी, पण तोंडाने सगळ्यांची थोरली.

"सोपं आहे, वहिनी. जा आणि सांग त्याला, मी कुठेही जात नाहीये. मिटलं!"

"मग तो रोज दुप्पट उठेल. मी ठणठणीत आहे, तू नीघ — हे दाखवायला. तू ओळखत नाहीस का आपल्या भावाला?"

 मग डोळे पुसत म्हणाली, "दोघं एका माळेचे मणी! वेगळे कसले होताय तुम्ही?"

ठरलं. मी गेले असं त्याला सांगायचं. नोकरीचं पत्र मी कधीच परत केलंय, ते मात्र सांगायचं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

"उद्या निघते," म्हटलं.

हसला. किती दिवसांनी! "जा. टेबल खिडकीशी मांड. डावीकडून उजेड येऊ दे, नाहीतर डोळे बिघडवून माझ्याच दुकानात येशील. पोचलीस की फोन कर."

त्याची कॉलर उलटी दुमडली गेली होती, ती सरळ केली. गळ्याशी शीर टरारून उडत होती. एकशे बावीस. बोट लावलं असतं तर मोजता आली असती. नाही लावलं.

दाराबाहेर आल्यावर बाकड्यावर बसले, ती उठलेच नाही.

१७ फेब्रुवारी

हे बाकडं सिस्टरच्या टेबलासमोर. काचेतून सगळ्या खाटांचे आकडे एका पडद्यावर दिसतात. खालून दुसरा त्याचा. तो कोपऱ्यात, त्याला मी दिसत नाही. सिस्टरला सांगून ठेवलंय. ती आता थट्टा करत नाही.

भेटीची वेळ आली. गेली. आकडा अठ्ठ्याऐंशी! चढला नाही. नणंद बाहेर येऊन म्हणाली, आडवा होता, नळी लावून, शांत.

माझ्यावाचून त्याच्या हृदयाला बरं वाटलं. आणि हे बघायला मीच हजर!

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाकड्यावरूनच फोन केला. "पोचले."

"कशी आहे खोली?"

"छान आहे. जिना थोडा उंच आहे." जिना का म्हटलं मी? जीभ चावली.

तेवढ्यात कामाच्या मावशींच्या हातून भांड्यांची गाडी वॉर्डच्या दाराला धडकली. झाकणं घरंगळत गेली. तो आवाज मला दोनदा ऐकू आला — वऱ्हांड्यात एकदा, फोनमध्ये एकदा.

त्यालाही दोनदा ऐकू गेला असेल का? तो म्हणाला, "खिडकीतून काय दिसतं तुझ्या?"

म्हटलं, समोर एक गच्ची आहे. एक मुलगी दोरीवर कपडे वाळत घालतेय, आणि तिचा भाऊ उलट्या बाजूने काढत चाललाय.

हसला. पडद्यावर चौऱ्याऐंशी.

१९ फेब्रुवारी

आज गच्चीवर पाण्याच्या टाकीची झाकणं बदलायला माणूस आला, असं सांगितलं. तो त्या मुलीच्या आईशी हुज्जत घालतोय. "कोण जिंकलं?" म्हणाला. आई, म्हटलं. "अर्थात."

इतकं आम्ही गेल्या वर्षभरात बोललो नव्हतो. आणि ते सगळं खोटं आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अठ्ठ्याहत्तर. मी काचेला बोट लावून नणंदेला दाखवलं, लहान मुलीसारखं. बघ! बघ ना!

तिने बघितलं. मग माझं बोट काचेवरून अलगद काढून हातात धरलं.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरबाई बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. डॉक्टर शेजारी बसले की कळायचं ते कळतं. ठोके गोळ्यांनी आणि विश्रांतीने उतरले, हवे होते तसेच. पण रक्तदाब टिकत नाहीये. लघवी कमी झालीय. पाणी पुन्हा साठतंय.

"पण आकडा तर चांगला आहे ना?"

"आकडा चांगला आहे, हो." माझ्या हातावर हात ठेवला. "फार उशिरा आले ते."

वर्षभर उशिरा. तेवढं वर्ष माझ्या घरात, माझ्या आरामखुर्चीत गेलं.

आत जावं का, विचारलं. म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा.

ठरवता आलं नाही. मी गेले तर उठेल. त्याचं ते शेवटचं उठणं मी नाही बघू शकत. बाकड्यावरच बसून राहिले. भित्री!

२३ फेब्रुवारी

फोन नणंदेने त्याच्या कानाशी धरला होता. "आज काय दिसतंय?" एवढंच म्हणाला, तेही तीन वेळा श्वास घेत. मी बोलत राहिले. मुलगी, भाऊ, टाकी, गच्चीवर सोडलेला पतंग, पतंगाचं शेपूट. काहीही. मधे थांबले की पलीकडून हुंकार यायचा. मग तोही थांबला. झोपला होता. मी तरी बोलतच होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर आत्ताच बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

"साहेब म्हणतायत, बाकड्यावर जी बाई रोज बसते, तिला आत पाठवा. म्हणाले, तिला सांगा — आता मी उठणार नाही."