मॅच असली का रुक्माबाई बाहेर

नेरडीगोंडा
१९ फेब्रुवारी १९९६

चि. दौलतले रुक्माबाईचे लाख आशीर्वाद. वि. वि.

इकडं सारे बरे आहेत. शारजात गाडी चालवतांना जेवणाची हेळसांड करू नको, फोटोत गाल पार बसले तुहे. कापूस आदिलाबादच्या बाजारात नेला, ते एक आटपलं.

तू पाठवलेला टीव्ही चांगला चालते. तुहे भाऊजी वारल्यावर मोठी बहीण एकटी पडली म्हणून तू तो घेतला. पण मॅच असली का मीच घराबाहेर. काल वर्ल्डकपमधली आपली पहिली मॅच होती, सारं गाव माह्या बैठकीत. वामनराव दीर म्हणाले का मी आत आली का विकेट जाते, म्हणून गोठ्याजवळ बसावं. विमल जाऊ मान खाली घालून चहा वाटत होती. आतली आरोळी ऐकून मले समजे, चौका गेला. आपण जिंकलो अन् त्यायची खात्रीच पटली.

मले खेळ किती आवडते, तुले ठाऊक. लहानपणी तुह्यासाठी रेडिओ धरून घराच्या धाब्यावर मीच उभी राहे. पण भांडाले आता अंगात जीव नाई रे. थकली मी.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुही बाई

शारजा
५ मार्च १९९६

तीर्थस्वरूप बाईले दौलतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नागोराव सुट्टीवर गावाकडं येऊन राह्यला, त्याच्या हाती पत्र देतो म्हणजे लवकर भेटंल. तुहं वाचून डोकंच फिरलं. टीव्ही कोनाचा, घर कोनाचं, अन् बाहेर कोन!

आमच्या कॅम्पात साऱ्याच देशाचे मॅचवेडे आहेत. लंकेवाला सोबती हारला का सुस्कारा टाकते, भांडे घासते अन् झोपते. इंग्रज साहेब अंपायरले दोष देते. पाकिस्तानवाला कप्तानाले शिव्या हासडते अन् घडीभरानं त्याच्यासाठीच दुवा मागते. आपणच तेवढे हारीचा धनी घरात धुंडतो. तिकडं बॅट चुकते अन् इकडं बाईचं कपाळ पाहतात. निव्वळ अडाणीपण आहे हे.

माही आन आहे तुले. पुढच्या मॅचले साऱ्यायच्या पुढं बस. वामनराव काई बोलले तर माहं नाव सांग.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.
तुहा दौलत

नेरडीगोंडा
१४ मार्च १९९६

चि. दौलतले आशीर्वाद. वि. वि.

नागोरावनं पत्र देल्लं. तुही आन मी मोडली नाई. काल सेमीफायनलले पुढं बसली. तुह्या नावाचा धाक, कोनी ब्र काढला नाई. आपण शंभराच्या जवळ पोचलो होतो, एकच गडी बाद. किती वर्षांनी मी मनमोकळी टाळी वाजवली! मग गडी पडाले लागले, एकामागं एक.

कोनी शिवी देल्ली नाई, दौलत. साऱ्यायनं निस्तं माह्याकडं पाहिलं. विमलनं बी. मग मी आपणहून उठली, गोठ्यात गेली अन् देवाले हात जोडले का आता मी बाहेर आली, आता तरी थांबव. थांबलं नाई. कलकत्त्याच्या लोकायनं मैदानात बाटल्या फेकल्या अन् रेफरीनं मॅच लंकेले देऊन टाकली.

आज विमल चहा घेऊन आली. मायेनंच म्हणाली का मी जरा आधी उठाले पाहिजे होतं. अन् खरं सांगू, आता मले बी तसंच वाटून राह्यलं. एक तूच आहेस जो मले असं समजत नाई. तेवढ्यावरच उभी आहे मी.

पत्राची वाट पाहते.
तुही बाई

शारजा
२८ मार्च १९९६

तीर्थस्वरूप बाईले शि. सा. नमस्कार.

तुहं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. खोटं लिवलं असतं तर भागलं असतं, पण तुले आजवर खोटं लिवलं नाई.

त्या दिवशी इथं बी सारा कॅम्प टीव्हीपुढं होता. लंकेवाला कोपऱ्यात गुमान बसून. दुसरा गडी पडला, तिसरा पडला, अन् बाई, माह्या तोंडून निघालं का बाई उठून बाहेर काऊन जात नाई! मराठी समजणारं तिथं कोनी नव्हतं. पण मी ऐकलं ना.

वामनरावले आता कोन्या तोंडानं बोलू? त्यायनं तुले तोंडावर सांगितलं. मी आन घालून बसवली अन् मनातून हाकलली.

लोभ ठेव म्हणाची हिंमत होत नाई, बाई. उरला असंल तर ठेव.
दौलत