तळ्यातलं पाणी थांबलं नव्हतं

प्रिय धाकट्या,

हे पत्र घेऊन तुझे दाजी स्वतः आलेत, याचं तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यांत हसवतोस आणि विषय गुंडाळून ठेवतोस, हे मला तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. उद्या सकाळी शाळेची बस काढायच्या आधी हे शेवटपर्यंत वाचायचं. वाचून होईपर्यंत दाजी समोरून हलणार नाहीत, त्यांना तशी सक्त ताकीद आहे.

आपल्या तळ्यापासून सुरुवात करते. माझी बदली झाली, शनिवारचं भेटणं संपलं, तेव्हा त्या ऑनलाइन खेळाच्या जगात जागा घेऊन तू तळं बांधलंस, धक्का बांधलास आणि दोन होड्या सोडल्यास. तो खेळ चालवणाऱ्या कंपनीतच मी तक्रारी निस्तरते. आठवडाभर परक्यांच्या खेळातलं अडकणं, तो लॅग, काढायचा आणि शनिवारी दुपारी तुझ्याशी शर्यत लावायची, हा माझा नेम. तीन महिन्यांपूर्वी तू पहिल्यांदा म्हणालास, "ताई, मध्येच सगळं अडकतं गं, आणि मग एकदम पुढचंच दिसतं. तू धक्क्याजवळ असतेस, बघतो तर पार पलीकडच्या काठाला." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, हरलास ते कबूल कर की. किती हसलो होतो आपण.

तरी तुझी तक्रार मी मनावर घेतली. आमच्या कामात एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलूनही दुखणं राहिलं तर ती गोष्ट निर्दोष धरायची. तुला वायफाय सोडून तार जोडायला लावली. राउटर बदलून घेतला. चित्रांचा दर्जा उतरवला, लांबची झाडं दिसेनाशी केली, तुझं तळं पार ओकंबोकं करून टाकलं. तळ्यावरचे पक्षी काढायला लावले तेव्हा तुझी लेक चिमी रडली होती, कारण तिनं एकेकाला नाव दिलं होतं. मग मी इकडून तुझं तळंच उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलं. अडकणं काही थांबेना, उलट वाढत गेलं.

शेवटी मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाइन तुटली की नोंदीत तेवढा खंड पडतो. तुझ्या नोंदीत खंड नव्हता. तू "अडकलं" म्हणालास त्या प्रत्येक वेळी तुझा कॉम्प्युटर आमच्या सर्व्हरला दर सेकंदाला नीट उत्तर देत होता. फक्त तुझ्या हाताकडून काही येत नव्हतं. आधी तीन सेकंद, चार सेकंद. मागच्या शनिवारी एकोणीस.

काल "सहज आले" म्हणून तुझ्या दारात उभी राहिले ना, ती सहज आले नव्हते. दोन तास मी तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्याच नावानं होडी हाकली. एकदाही अडकली नाही. तुझ्या बायकोनं चहा दिला, म्हणाली, "ताईंचा हात लागला की यंत्रं सुतासारखी सरळ होतात." मी हसले. नियमाप्रमाणे बदलायची एकच गोष्ट उरली होती. मी उठले आणि तुला बसवलं.

वीस मिनिटं झाली असतील, तुझी होडी वळता वळता राहिली. मी तुझ्या खांद्यामागे उभी होते. तळ्यातलं पाणी थांबलं नव्हतं रे. लाटा येत होत्या, समोरच्या काठावरून कुणी अनोळखी खेळाडू चालत गेली, तुझी होडी सरकत जाऊन खांबाला घासत राहिली. तू पडद्याकडे बघत होतास आणि काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलवत होतास. मी दोनदा हाक मारली. मग तू पापण्या मिटल्यास, उघडल्यास, आणि वळून मला म्हणालास, "बघितलंस? आत्ता अडकलं ना?" मी म्हटलं, हो, नेटचाच घोळ दिसतोय. इतकं धडधडीत खोटं मी तुझ्याशी कधी बोलले नाही. चिमी शेजारीच चित्र रंगवत होती, तिच्यासमोर खरं कसं बोलणार?

आणि वर तुला स्टेशनपर्यंत सोडू दिलं! तिथेच नको म्हणायला हवं होतं. चौकात दिवा हिरवा झाला, तू तसाच. मागचे लोक हॉर्न बडवायला लागले. तू दचकून गाडी पुढे काढलीस आणि म्हणालास, "हल्ली सिग्नल किती पटापट बदलतात." मी दाराची मूठ धरून बसले होते, अजून बोटं दुखतायत.

आज सकाळी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला तपासल्याशिवाय काही ठरवता येणार नाही, पण ही फिट असू शकते. अशा वेळी माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, तेवढा वेळ तो नसतोच, आणि त्याचं त्याला कळत नाही. बहुतेकांना गोळ्यांनी चांगला उतार पडतो म्हणे. उद्या दहाची वेळ घेतली आहे. दाजी तुला घेऊन जातील.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरांकडून उठले आणि तुझ्या शाळेच्या बस बघणाऱ्या बाईंना घरी फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आज शाळेला सुट्टी म्हणून बरं, उद्यापासून तुझी फेरी दुसरा ड्रायव्हर करेल. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "एवढा आठवडा जाऊ दे ताई" म्हणाला असतास, आणि तुझं तोंड बघून मी जाऊ दिलं असतं. बारा वर्षांची तुझी नोकरी मी एका फोनवर पणाला लावली, हे मला कळतं. मला वैरीण म्हण, बोलू नकोस माझ्याशी, चालेल. पण दाजी बसची किल्ली मागतील, ती मुकाट्यानं दे. सदतीस पोरं असतात रे त्या बसमध्ये, आणि तुझ्या मागच्याच बाकावर आपली चिमी बसते.

तू रागावलास तरीही तुझीच,
ताई