आमच्या संगणकाच्या बडतर्फीचा प्रश्न

प्रिय मेहुणेबुवा,

आणि तुमच्यामार्फत, बटण दाबून चहा करायला जावं, चहा पिऊन कप विसळून ठेवावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असावं, अशा संगणकांपुढे बसलेल्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

सादर नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण उठवायला माणूस लागतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? दुकानाच्या जिन्याला कठडा बसवलात की अजून गिऱ्हाइकांचा खांदा धरूनच चढता? इकडे तुमची ताई बरी आहे. मीही बरा आहे, मात्र तिचं मत वेगळं आहे.

आपल्या सर्वांचं दुःख एकच आहे. आपलं यंत्र चांगलं चालू असतं, आणि ते निकामी झाल्याचं आपल्याला कुणी तिसराच येऊन कळवतो. सहा वर्षांपूर्वी तुम्ही दुकानातल्या उरल्यासुरल्या भागांतून हा संगणक जोडून दिलात. खेळ चालतील का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "भावोजी, पळेल!" (कुठे, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं.) आज त्याची एक बाजू कायमची उघडी आहे, झाकण चिकटपट्टीच्या भरवशावर आहे आणि समोर टेबलफॅन लावलेला आहे. घरात पंखा एकच. उकाड्यात तो कुणाला मिळावा यावर तुमची ताई आणि मी रीतसर मतदान घेतो आणि दरवेळी संगणक निवडून येतो.

हा खटाटोप कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. दर रविवारी दुपारी चार वाजता मी या संगणकावरच्या खेळात ट्रक चालवतो. तुमची भाची नोकरीसाठी इतकी लांब गेली, आणि फोनवरचं आमचं बोलणं पाचव्या मिनिटाला तात्त्विक होतं, सहाव्या मिनिटाला कुणीतरी फोन ठेवतं. (बहुधा ती. मी फक्त आपटतो.) पण ट्रक चालवताना भांडता येत नाही. तिचा ट्रक पुढे, माझा मागे. "बाबा, पुढे वळण आहे." "दिसलं." "बाबा, तुम्ही खांबाला धडकलात." "खांब मध्ये आला." असं तासभर चाललं की मग ती सहज सांगते, साहेब बदलला, खोली बदलली, मध्यंतरी ताप येऊन गेला. बाप म्हणून मला ज्या बातम्या कळतात त्या एवढ्याच, आणि त्या ट्रकमधूनच येतात.

आता मूळ प्रकरण. या महिन्याच्या सुरुवातीला वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं: 'टाकू नका, वापरा'. बाटल्यांच्या कारखान्यात तीस वर्षं मी कामगार संघटनेचा सरचिटणीस होतो. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. म्हणून पुरावाच खांद्यावर घेऊन गेलो. संगणक मंचावर ठेवला, मागच्या मोठ्या पडद्याला जोडला, बटण दाबलं आणि भाषण सुरू केलं. तो सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो. भाषण मी अकरा मिनिटांचंच बसवलं होतं. "या कामगाराने सहा वर्षांत एक रजा मागितली नाही! पगारवाढ मागितली नाही! आणि आज कुठलीशी कंपनी म्हणते, तो म्हातारा झाला! मग उद्या तुमच्याआमच्याबद्दल काय म्हणेल?" या वाक्याला पाठीमागे पडदा उजळला. टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेतून तुमची ताई दोन्ही हात हलवून काहीतरी खुणावत होती. ती भारावली आहे असं मला वाटलं. (लग्नाला चौतीस वर्षं झाली, तरी माणूस आशा सोडत नाही.) त्याच भरात मी ठराव मांडला: जुनं यंत्र धडधडतं आहे तोवर सभेतला कुणीही नवं यंत्र घरात आणणार नाही. बासष्ट हात वर झाले. त्रेसष्टावा आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचा होता, पण तो शंकेचा निघाला. "साहेब," ते म्हणाले, "मागं काय लिहून आलंय ते वाचलंत का?"

मी वळलो. माझा खेळ आपोआप सुरू झाला होता आणि पडद्यावर वीतभर अक्षरांत उमटलं होतं: 'आपल्या यंत्राची क्षमता अपुरी आहे. पुढील महिन्यापासून हा खेळ या यंत्रावर चालणार नाही.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मी गरजलो, "बघा! ही बघा भांडवलाची धमकी!" पुन्हा टाळ्या. ठरावावर सर्वांनी सह्या केल्या, पहिली माझी. घरी येताना संगणक मी उचलला होता आणि पंखा तुमच्या ताईने. वाटेत ती एवढंच म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यापासून रविवारी चार वाजता तुम्ही काय करणार?" मी म्हणालो, वाचन करीन. ती म्हणाली, "मोठ्याने करू नका म्हणजे झालं."

तेव्हा मेहुणेबुवा, मी सर्व बाजूंनी विचार केला, अर्थशास्त्राचे तीन जाड ग्रंथ पुन्हा चाळले आणि निर्णय घेतला: संगणक बदलायचा नाही. त्याचा एक स्क्रूही नाही. तुम्ही आग्रह करू नये. तत्त्व म्हणजे काही चिकटपट्टी नव्हे, उकाड्यात सुटायला.

तुमचाच,
भावोजी

ता. क. ठराव पुन्हा वाचला. त्यात 'नवं यंत्र' असे शब्द आहेत, 'नवा भाग' असे नाहीत. जुन्या कामगाराच्या हातात नवं हत्यार दिलं तर त्याला बडतर्फी म्हणत नाहीत. उलट ती तर आमची जुनीच मागणी होती! हे आपलं केवळ तात्त्विक चर्चेसाठी.

ता. क. २. वरचं तुमच्या ताईने वाचलं. ती म्हणते, "सरळ लिहा की!" लिहितो.

ता. क. ३. खेळ अडखळू नये म्हणून वर्षभर मी त्यातली एकेक गोष्ट बंद करत आलो. आधी सावल्या, मग पाऊस, मग झाडं, शेवटी आकाश. आता माझ्यापुढे राखाडी पट्टा असतो आणि त्यावर तुमची भाची म्हणून एक खोका पळत असतो. गेल्या रविवारी तिने घाटमाथ्यावर ट्रक थांबवला. "बाबा, सूर्यास्त बघताय ना? दोन मिनिटं थांबू." मी म्हणालो, "वा! काय रंग आहेत!" ती म्हणाली, "कुठला जास्त आवडला?"

तीस वर्षं मालकांपुढे मी कधी अडखळलो नाही. म्हणालो, "राखाडी."

तिने ट्रक पुन्हा सुरू केला. मग हळूच म्हणाली, "बाबा, मामाला सांगा ना."

सांगतो आहे. या शनिवारी दुपारी, खेळातली चित्रं रंगवणारं नवं ग्राफिक्स कार्ड भाजीच्या पिशवीत घालून, मागच्या दाराने या. झाकण आणि चिकटपट्टी मात्र तीच राहू द्या.