हैबतरावांची घोडी

कासार आंबोली,
ता. मुळशी, जि. पुणे.
५ मे १९८८

तीर्थरूप अक्का,

तुझा धाकटा भाऊ साहेबराव याचा सप्रेम जयभीम. आम्ही दोघं इकडे धडधाकट आहोत. तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो, कारण तुझ्या मागच्या पत्रात अर्धी ओळ तुझ्या गुडघ्यांवर होती आणि उरलेलं अख्खं पत्र माझ्यावर. जी बाई एवढं रागावू शकते तिची तब्येत ठीकच असणार, असं लीलाचं म्हणणं. (माझं नाही.) दाजींचं कानातलं यंत्र आलं का? आलं असेल तर हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, शेजारी ऐकतात.

तर जाईआत्यानं तुला कळवलं की साहेबरावाला उतारवयात खेळाचा नाद लागला, दर रविवारी तो हैबतरावाबरोबर एका बंगल्यात दारं लावून बसतो आणि बायकोलाही घेऊन जातो. त्यावर तू लिहिलंस की आपल्या घरात आजवर कुणी पत्त्याला हात लावला नाही. अक्का, मीही लावलेला नाही. दारं लावतो ती उन्हानं पडद्यावरचं दिसत नाही म्हणून. आणि हा खेळ पत्त्यांचा असता तर दोन वर्षांत कुणीतरी जिंकलं असतं, कुणीतरी हरलं असतं आणि सगळे आपापल्या घरी गेले असते. आमचं तसं झालं नाही. नेमकं काय झालं ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे आत्याच्या तोंडून ऐकायची पाळी यायला नको.

गावाबाहेर हैबतरावांचा माळ होता, आठवतो का? आपण शेण गोळा करायला जायचो तो. तो त्यांनी देवधर नावाच्या एका साहेबांना विकला. देवधर साहेब बोटीवर इंजिनियर होते, आता निवृत्त आहेत, शनिवार-रविवार पुण्याहून येतात आणि बागेत न जगणारी झाडं लावतात. त्यांनी विलायतेहून एक कॉम्प्युटर आणला. दिसायला टाइपरायटरसारखा, पण कागद नाही. तो टीव्हीला जोडायचा आणि शेजारी साधा टेपरेकॉर्डर लावायचा. कॅसेट सुरू केली की पाच-सात मिनिटं रातकिड्यासारखा किर्र आवाज येतो आणि मग टीव्हीवर हिरवी अक्षरं उमटतात. त्यात एक गोष्ट असते, पण ती आपोआप पुढं सरकत नाही. 'तू किल्ल्याच्या वाटेवर उभा आहेस, समोर दलदल आहे, सोबत तुझी घोडी आहे. काय करतोस?' असं ती इंग्रजीत विचारते. मग आपण दोन शब्दांत सांगायचं, उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. जमण्यासारखं असेल तर गोष्ट पुढं जाते. नसेल तर यंत्र म्हणतं, 'मला समजलं नाही.'

मला तिथं देवधर साहेबांनीच बोलावलं. त्यांना बायफोकल चष्म्यातून हिरवं अक्षर दिसेना आणि गावात इंग्रजीचा माणूस मी एकटा. (सत्तावीस वर्षं शिकवतोय, हे तुला सांगायला नको.) मी वाचून दाखवत होतो, तेवढ्यात हैबतराव आले. ते आले होते कुंपणाची तार त्यांच्या बांधावर हातभर सरकली म्हणून भांडायला. तोंडही उघडलं होतं. पण टीव्हीकडे बघून थबकले आणि म्हणाले, "ह्ये काय हाय?" मी सांगितलं. ते खाली बसले, दलदलीचं वर्णन माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "घोडी किती वर्साची हाय?" त्या तारेचा विषय आजतागायत निघालेला नाही.

हैबतरावांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. दहा वर्षं सरपंच होते. त्यांचं बोलणं समजलं नाही असं म्हणायची या पंचक्रोशीत कुणाची छाती नाही, आणि इथं वीतभर लांबीचं यंत्र त्यांना मिनिटाला चार वेळा तेच सांगत होतं. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. हे पुढच्या रविवारी सकाळी आठलाच हजर, फेटा बांधून. लीला मला बोलवायला म्हणून आली आणि तीही राहिली. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर किल्ल्याचा नकाशा काढायला घेतला, कारण आम्ही तिघं पुरुष एकाच भुयारात सात वेळा गेलो होतो आणि सातही वेळा ते नवीन आहे असं आमचं एकमत होतं.

या खेळाचे एकूण तीन भाग साहेबांकडे आहेत. आम्ही त्यांना किल्ला, बेट आणि खाण म्हणतो. पावसाळ्याआधी किल्ला झाला, दिवाळीपर्यंत बेट आणि पुढच्या होळीला खाण. (मध्ये लाइट जाई आणि सगळं पहिल्यापासून करावं लागे. धरण आमच्या तालुक्यात, पण लाइट आमचीच जाते.) तिन्ही संपल्यावर आम्ही घरी बसायला हवं होतं. पण त्या दिवशी चहा पिताना साहेब सहज बोलून गेले की तिन्हींत खाणच सरस, तिच्यातली कोडी बुद्धीला चालना देतात. झालं. मीही खाणीच्याच बाजूचा, कारण खाणीत यंत्राला पूर्ण वाक्य कळतं आणि व्याकरणाला काही अर्थ राहतो. लीला म्हणाली, बेट. बेटावर चूल आहे, गोडं पाणी आहे, एक म्हातारी आहे आणि तिला मासा भाजून दिला की ती रस्ता सांगते. किल्ल्यात तो माणूस एवढे दिवस हिंडतो, पण खातो काय ते कुणी सांगावं! हैबतराव एवढंच म्हणाले, "किल्ला. पर किल्ला आपुन नीट खेळलोच न्हाई." मग कोण बरोबर हे ठरवायला पुन्हा किल्ला लावला, पुन्हा बेट, पुन्हा खाण. एका रविवारी साहेब आणि लीला यांचा त्या म्हातारीवरून असा वाद झाला की मला मध्ये पडून दोघांना चिवडा द्यावा लागला.

हैबतरावांचं दुखणं होतं ती घोडी. किल्ल्यात शिरायला दलदल ओलांडावी लागते. घोडीच्या पाठीवर सामानाचं ओझं असतं, ती पोटापर्यंत रुतते आणि तिच्या पाठीवर पाय देऊन आपण पलीकडे जायचं. दुसरी वाट नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पडद्यावर एकच ओळ येते: 'घोडीनं तुझ्याकडे एकदा वळून पाहिलं.' मग तिचं नाव पुन्हा निघत नाही. पहिल्या वेळी मी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा हैबतराव पायताण घालून घरी निघून गेले. त्यांच्या वडलांची घोडी होती, घाटातून भाताची पोती आणायची. ते लहानपणी तिच्याच गोठ्यात निजत. पुढच्या वेळी ते ठाम बोलले, "मास्तर, रुतल्याल्या जनावराचा आदी तंग सोडायचा आस्तोय. वज्जं पडलं की त्ये आपसूक येतंय भायेर." (तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टा. तू शहरात राहतेस म्हणून सांगतो.) मी त्याचं तिथल्या तिथं शुद्ध इंग्रजी करून टाइप केलं. यंत्र म्हणालं, 'मला समजलं नाही.' मी हैबतरावांना सांगितलं, असं करता येत नाही म्हणतंय.

त्यानंतर अकरा वेळा आम्ही तो किल्ला पहिल्यापासून खेळलो. हैबतरावांनी घोडीला गवत घालून पाहिलं, हाक मारून पाहिली, शेपटीला धरून ओढायला लावलं, दलदलीत दगड टाकायला लावले. एकदा तर किल्ल्यात जायचंच नाही, घोडी घेऊन माघारी घरी जायचं, असा हुकूम केला. यंत्र म्हणालं, मागे वाट नाही. आणि दर वेळी शेवटी ते तेच सांगत, तंग सोड. मी तेच टाइप करी आणि यंत्र तेच म्हणे. साहेब दर वेळी मान हलवून सांगत, या पहिल्या भागात यंत्राचा शब्दसंग्रहच तोकडा आहे. मीही दुजोरा देत असे.

एप्रिलमध्ये मी बोर्डाचे पेपर तपासायला पुण्याला होतो, दोन रविवार चुकले. परतलो तो एस.टी.तून उतरताच कुशाबा न्हाव्यानं मला मिठी मारली आणि पेढा कोंबला. म्हणाला, "वाचली मास्तर, हैबतरावाची घोडी वाचली!" देवळापासून बुद्धविहारापर्यंत प्रत्येक दारात पेढे पोचले होते. पण घोडी कसली, हे सांगायचं हैबतरावांना भान राहिलं नव्हतं, त्यामुळे निम्मं गाव त्यांच्या गोठ्यात घोडी बघायला जाऊन आलं होतं. लवळ्याहून कोंडाजी नावाचा जनावरांचा दलाल दोर घेऊनच आला आणि हैबतरावांच्या घरच्या सगुणावहिनींना म्हणाला, घोडी दाखवा, सौदा जागेवर करू. वहिनींनी त्याला बंगल्याकडे धाडला. हैबतरावांनी त्याला टीव्हीसमोर बसवून घोडी दाखवली, म्हणजे अक्षरं. तो बराच वेळ बघत राहिला आणि "लई ग्वाड हाय" म्हणून दोर गुंडाळून निघून गेला.

झालं होतं ते असं. मी नसताना लीला यंत्रापुढं बसली. तिला आता इंग्रजी अक्षरं येतात आणि खेळापुरते चाळीसेक शब्दही. हैबतराव पुन्हा म्हणाले, तंग सोड. साहेबांनी विचारलं, तंग म्हणजे नेमकं काय? तेव्हा हैबतराव घरी गेले आणि वडलांच्या घोडीचा जुना चामडी पट्टा खुंटीवरून काढून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवला. साहेबांनी बोटीवरच्या त्यांच्या जाड शब्दकोशात शोधलं. लीलानं एका बोटानं टाइप केलं, 'लूझन गर्थ'. ओझं पडलं, घोडी बाहेर आली, तिनं अंग झाडलं आणि पडद्यावर दोन वर्षांत कधी न पाहिलेली ओळ उमटली: 'घोडी तुझ्या मागोमाग चालू लागली.' लीला सांगते, हैबतरावांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि साहेब खिडकीतून आपली मेलेली झाडं बघत उभे राहिले. यंत्राला तो शब्द आधी समजत नव्हता आणि मी नसताना कसा काय समजू लागला, याचं मला अजून नवल वाटतं. विलायती यंत्रं हवेवर असतात म्हणतात.

मी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी तो खेळ मुद्दाम पुन्हा लावला. आता घोडी शेवटपर्यंत बरोबर असते. कोडं कुठलंच सोपं होत नाही, तिच्या पाठीवर काही लादता येत नाही, नुसती मागून येते. तरीही मला आता किल्लाच तिन्हींत सरस वाटतो. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. खाणीच्या बाजूला ते एकटे पडतील.

दाजींना जयभीम सांग. गुडघ्यांना तीळतेल चोळ, थंडाई घे, औरंगाबादचं ऊन जपून.

तुझा,
साहेबराव

ता. क. लिहायचं राहिलं. या खेळाचा चौथा भाग निघाला आहे. तो देवधर साहेबांच्या पुतण्याकडे आहे आणि तो पुतण्या औरंगाबादला तुमच्याच नव्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीमागे राहतो. पुढच्या आठवड्यात आम्ही तुझ्याकडे यावं म्हणतो. आठ दिवस. मी, लीला आणि हैबतराव.

ता. क. दुसरा. तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. याच हैबतरावांच्या विहिरीवरून तू रिकामी घागर घेऊन परत आली होतीस, तेव्हा मी तुझ्या पदराला धरून होतो. मी ते विसरलेलो नाही. साहेबांनी त्यांना तिकडे लॉजवर राहा म्हणून सुचवलं. पण परवा ते आपणहून आमच्या दारात आले, बसले नाहीत, चहा घेतला नाही. म्हणाले, "मास्तर, अक्काला इचारून बगा. म्या त्यांच्या घरी ऱ्हायलो, त्यांच्या हातचं खाल्लं, तर त्यास्नी चालंल का? न्हाई म्हनल्या तरी माजी कायबी तकरार न्हाई." हे सगळं पत्र खरं तर एवढं विचारायला लिहिलं. तुला वाटेल तेच कळव.

वन्सं, जयभीम. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. ह्यांनी शुद्ध इंग्रजी केलं असं लिहिलंय ना, ते 'लीव्ह टाइट' असं होतं. साहेबांनी मला अर्थ सांगितला: घट्ट सोड. दोन वर्षं ती घोडी बिचारी रुतलेली आणि हे तिला घट्ट सोड म्हणून सांगतायत. मी पोट धरून हसले. हैबतराव हसले नाहीत. म्हणाले, "वैनी, मास्तरला कळू दिऊ नगा. एवढी वर्सं इंग्रजी शिकिवत्यात, मनाला लावून घेतील. निगाली न्हवं घोडी, बास." तेव्हा तुम्हीही काही बोलू नका. आठ नाही, आम्ही चारच दिवस येऊ. आणि हैबतरावांचं तुमच्या मनाला नाही आलं तर तसं खुशाल लिहा, मी एकटी येईन. चौथ्या भागात खेळणारी बाई आहे म्हणतात. टाइप मीच करणार आहे.