कोल्हापुरात दिल्लीचा सूर्यास्त

सम्मेद,

आईला घेऊन बस्तीच्या देवळात चाललोय. मुनिमहाराजांकडं प्रायश्चित्त घ्यायचंय तिला. का, ते तुझ्या त्या डब्याला विचार.

दिवस मावळायच्या आत आईनं जेवावं म्हणून पाव तास आधी भोंगा वाजवणारा डबा केलास आणि यंत्रं जुळवणाऱ्यांच्या त्या मेकर क्लबात टाळ्या घेतल्यास. आतला प्रोग्रॅम दिल्लीच्या कुणाचा तरी. त्या भल्या माणसानं सगळं नेटवर उघडं ठेवलंय, पहिल्याच ओळीत लिहिलंय, इथं आपलं गाव घाला. तुला तेवढंबी वाचायला जमलं न्हाय! तिकडं सध्या, उन्हाळ्यात, सूर्य आपल्यापेक्षा पाव तास उशिरा मावळतोय. म्हणजे भोंगा वाजतोय तवा इथं सूर्य गेलेला, आणि तीस वर्षं नेम पाळणारी आई आठवडाभर दिवस मावळल्यावर जेवतीय. आणि निघालाय जगाला शिकवायला!

भात कुकरात हाय. गिळ. डब्याची वायर मी काढलीय, परत जोडलास तर पंचगंगेत टाकीन.

आणि एक. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं आईला सूर्य गेलेला रोज दिसत होता. मग जेवलीस कशी, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सम्मेदनं केलंय की. चुकंल कसं?"

आक्का